बॅकअपची रोजकीर्द

गोष्ट २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो, तिथल्या कार्यालयातला सर्व्हर एके दिवशी सकाळी सुरूच होईना. सर्व्हर म्हणजे तरी काय, कोपऱ्यात ठेवलेला आणि रात्रंदिवस चालू असणारा एक संगणक. पण प्रवेश, फी, अंतर्गत परीक्षांचे गुण, पगारपत्रके असे सगळे त्याच्या पोटात होते आणि कार्यालयातले बाकीचे संगणक त्याच्याकडूनच माहिती घेत. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने डिस्क बाहेर काढली, दोन-तीनदा दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. तरीही आम्ही फारसे घाबरलो नाही. जुलै २०१८ मध्येच आम्ही हजार गिगाबाइटची एक वेगळी डिस्क आणून, रोज रात्री दोन वाजता सगळ्या माहितीची एक प्रत तिच्यावर आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली होती. अशा प्रतीला बॅकअप म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच.

ती डिस्क उघडून पाहिली. शेवटची प्रत जून महिन्यातली होती.

काय झाले होते? रोजची प्रत साधारण तीन गिगाबाइटची होत असे. हजाराला तीनने भागा. उत्तर येते ३३३. म्हणजे जुलैमध्ये लावलेली डिस्क पुढच्या जूनमध्ये भरणारच होती, आणि तशी ती भरली. त्यानंतरही प्रत काढणारा प्रोग्राम रोज रात्री दोन वाजता इमानेइतबारे उठत होता, ‘डिस्कवर जागा नाही’ असे संगणकातल्याच एका फाईलमध्ये लिहून ठेवत होता आणि पुन्हा झोपी जात होता. अशा शंभराहून अधिक नोंदी एकाखाली एक लिहिलेल्या आम्हाला सापडल्या. ती फाईल तोपर्यंत कुणी उघडलीच नव्हती.

जून ते ऑक्टोबर हे नेमके नव्या प्रवेशांचे दिवस. त्या चार महिन्यांतले प्रवेश अर्ज आणि पहिल्या चाचणीचे गुण कागदांवरून पुन्हा भरण्यात कार्यालयाची आणि आम्हा काही शिक्षकांची दिवाळीची सुट्टी गेली. काही कागद सापडलेच नाहीत. पंधरा-वीस मुलांना फी भरल्याच्या पावत्या घेऊन परत यावे लागले. एका मुलीची पावती पावसात भिजून वाचता येईनाशी झाली होती. तिने फी भरली होती हे सिद्ध व्हायला डिसेंबर उजाडला.

चौथीतला मुलगा करील असा तो भागाकार अकरा महिन्यांत आमच्यापैकी एकानेही केला नव्हता, आणि मी तर संगणकच शिकवत होतो! हा भागाकार रोजच्या रोज, कुणी आठवण न करता, संगणकाकडूनच कसा करून घ्यायचा ते आता पाहू.

मीटरचा आकडा

आपल्या घरच्या विजेच्या मीटरवर समजा ८४१२ हा आकडा दिसतो आहे. त्यावरून काय कळते? खरे तर काहीच नाही. मागच्या महिन्यात तो ८३०० होता हे कळले, की मग ११२ युनिट वीज वापरली असा अर्थ निघतो. आकड्याला अर्थ येतो तो त्याच्या आधीच्या आकड्यामुळे.

बॅकअपच्या डिस्कचेही तसेच आहे. ‘डिस्क ४५ टक्के भरली आहे’ हे वाक्य ऐकून आपल्याला बरे वाटते, पण ती काल ४४ टक्के होती की ३० टक्के होती, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून दुकानदार जशी रोजकीर्द ठेवतो, कालची शिल्लक, आजची जमा, आजचे नावे आणि दिवसअखेरची शिल्लक, तशी डिस्कचीही ठेवायला हवी. इतकेच, की दुकानदार ती हाताने लिहितो आणि आपण ती लिहिण्याचे काम एका स्क्रिप्टवर सोपवणार आहोत. (स्क्रिप्ट हा शब्द नाटकाच्या संहितेसाठीही वापरतात. इथेही अर्थ जवळजवळ तोच आहे. संगणकाने एकामागून एक कोणत्या आज्ञा पाळायच्या, ते एका फाईलमध्ये लिहून ठेवायचे.)

पण लिहायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवला पाहिजे. मोजायचे काय? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

एक पुस्तक, अनेक कार्डे

आमच्या त्या पहिल्या व्यवस्थेत रोज रात्री सगळ्याची संपूर्ण प्रत निघत असे. माहिती थोडी होती म्हणून ते अकरा महिने तरी चालले. आता जरा मोठा सर्व्हर घ्या. त्यावर २०० गिगाबाइट माहिती आहे आणि वर्षभराच्या रोजच्या प्रती जपून ठेवायच्या आहेत. २०० गुणिले ३६५ म्हणजे ७३,००० गिगाबाइट जागा लागेल. हे काही परवडणारे नाही. पण या २०० गिगाबाइटपैकी रोज बदलते किती? समजा दोन गिगाबाइट. बाकीच्या १९८ गिगाबाइट फाईली कालच्या होत्या तशाच आज आहेत. मग त्यांची पुन्हा प्रत कशाला काढायची? पहिल्या दिवशी २०० आणि पुढे कामाच्या प्रत्येक दिवसाचे दोन, असे धरले तर वर्षभरात आठशेच्या आसपास गिगाबाइटमध्ये काम भागते. कुठे ७३,००० आणि कुठे ८००!

युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींमध्ये हे साधण्याची एक सुरेख युक्ती आहे. ती समजण्यासाठी ग्रंथालयातली कार्डांची जुनी कपाटे आठवा. एकाच पुस्तकाची लेखकाच्या नावाने, पुस्तकाच्या नावाने आणि विषयाच्या नावाने अशी तीन कार्डे असत. कार्डे तीन, पण फळीवरचे पुस्तक एकच. लिनक्समध्ये फाईलचे नाव हे असे कार्ड असते आणि फाईलमधला मजकूर हे पुस्तक. एका मजकुराला कितीही नावे देता येतात आणि प्रत्येक मजकुराला किती नावे आहेत याची मोजणी प्रणाली स्वतः ठेवते. एक नाव काढून टाकले तर मोजणी एकने कमी होते. ती शून्यावर आली, की मगच फळीवरची जागा मोकळी होते.

बॅकअप घेणारा प्रोग्राम याचाच उपयोग करून घेतो. आरसिंक हा अशा कामासाठी फार वापरला जाणारा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात तयार केला. रोज रात्री तो नवा फोल्डर करतो. जी फाईल बदललेली नाही तिचे नुसते नवे कार्ड या फोल्डरमध्ये ठेवतो. बदललेली असेल तरच नवे पुस्तक आणतो. त्यामुळे प्रत्येक रात्रीचा फोल्डर उघडला की संपूर्ण दिसतो, पण जागा मात्र फरकापुरतीच व्यापतो.

आता गंमत पाहा. लिनक्समध्ये फोल्डरचा आकार सांगणारी ‘डीयू’ नावाची आज्ञा आहे. सोमवारचा फोल्डर किती मोठा, असे तिला विचारा. ती सांगते २०० गिगाबाइट. मंगळवारचा? पुन्हा २००. मात्र दोन्ही फोल्डर एकाच वेळी मोजायला सांगितले, तर ती एकदा मोजलेले पुस्तक लक्षात ठेवते आणि दुसऱ्यांदा मोजत नाही. मग उत्तर येते सोमवार २००, मंगळवार २. आणि नावे उलट क्रमाने दिली तर? मंगळवार २००, सोमवार २! जो आधी सापडला त्याच्या डोक्यावर सगळे ओझे. ‘सोमवारच्या प्रतीने किती जागा खाल्ली’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही, हे यावरून दिसेल. सामाईक विहिरीचे पाणी कुणाच्या नावावर मांडायचे, असा हा प्रकार आहे.

म्हणून वाढीच्या नोंदीसाठी आपण फोल्डरांना विचारण्याऐवजी थेट फळीलाच विचारतो. त्यासाठी ‘डीएफ’ ही आज्ञा आहे. ती डिस्कची एकूण जागा, वापरलेली जागा आणि मोकळी जागा अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत सांगते. लाखो फाईली मोजत बसायच्या नसल्यामुळे तिचे उत्तर क्षणात येते.

या तीन रकान्यांची बेरीज-वजाबाकी करून पाहणाऱ्याला मात्र एक कोडे पडते. वापरलेली आणि मोकळी जागा मिळवली तर एकूण जागा येत नाही, थोडी कमीच येते! लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ईएक्सटी फोर’ या मांडणीत, आपण वेगळे काही सांगितले नाही, तर पाच टक्के जागा प्रणालीच्या मुख्य चालकासाठी राखून ठेवलेली असते. ४००० गिगाबाइटच्या डिस्कवर ही राखीव जागा २०० गिगाबाइट होते. तेव्हा भागाकार करताना एकूण जागेतून वापरलेली वजा करू नये. ‘मोकळी’ हा रकाना जे सांगतो तेच घ्यावे.

दुसरे कोडे बाजारातले आहे. खोक्यावर चार टेराबाइट छापलेली डिस्क संगणकाला लावली की ३.६ दिसते. यात फसवणूक नाही. विकणारा टेरा म्हणजे १० चा १२वा घात धरतो, तर संगणक २ चा ४०वा घात. चाराचा तो भागाकार ३.६४ येतो. घातांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

सकाळी साडेसहाची स्क्रिप्ट

आता स्क्रिप्ट लिहू. तिचे टप्पे मी साध्या शब्दांत सांगतो. ज्यांना लिनक्सच्या आज्ञा येतात ते त्या सहज भरू शकतील.

पहिल्यांदा आजची तारीख घ्यायची आणि ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने लिहायची. आपल्याला हे उलटे वाटते, पण असे लिहिल्यावर साध्या अक्षरक्रमाने लावलेल्या ओळी आपोआप कालक्रमानेही लागतात. मग डीएफकडून बॅकअपच्या डिस्कची ओळ मागायची आणि तिच्यातले हवे ते रकाने उचलायचे. रकाने उचलण्यासाठी ‘ऑक’ नावाचे एक छोटे पण फार कामाचे हत्यार आहे. बेल प्रयोगशाळेत १९७७ साली ते तयार झाले आणि आहो, वाइनबर्गर व कर्निगन या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. मजकुराची एकेक ओळ वाचायची, ती रकान्यांत तोडायची आणि रकान्यांवर गणित करायचे, हे त्याचे काम.

उचललेले आकडे तारखेपुढे लिहून ती ओळ रोजकीर्दीच्या फाईलला जोडायची. इथे एका चिन्हाचा फरक लाखमोलाचा आहे. ‘>>’ असे दोन बाण लिहिले तर ओळ फाईलच्या शेवटी जोडली जाते. चुकून ‘>’ असा एकच बाण लिहिला, तर आधीचे सगळे पुसून फक्त आजची ओळ उरते. वर्षाची रोजकीर्द एका बाणाने गेली असे व्हायला नको! आकडे लिहिताना ‘३.६ टी’ किंवा ‘५४७ जी’ अशी वाचायला सोपी रूपे लिहू नयेत. ती माणसाला सोयीची, पण वजाबाकीला निरुपयोगी. सगळीकडे एकच एकक, तेही लहान, म्हणजे किलोबाइट ठेवावे आणि पत्र पाठवताना त्याचे गिगाबाइट करावे.

शेवटी आजच्या ओळीतून कालची ओळ वजा करायची, मोकळ्या जागेला रोजच्या वाढीने भागायचे आणि तीन-चार ओळींचे पत्र ई-मेलने पाठवायचे.

हे सगळे रोज वेळेवर करण्याचे काम ‘क्रॉन’ या कारभाऱ्याकडे असते. त्याच्या वहीत प्रत्येक कामापुढे पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पहिल्यात ३०, दुसऱ्यात ६ आणि उरलेल्या तिन्हींत तारा लिहिला, की काम रोज सकाळी साडेसहाला होते. वेळ रोज तीच असणे महत्त्वाचे. मीटर एक दिवस सकाळी आणि दुसऱ्या दिवशी रात्री वाचला, तर फरकाला अर्थ उरत नाही. बॅकअप दोनला सुरू होतो, म्हणून वाचन साडेसहाला, सगळे शांत झाल्यावर.

एका सापळ्यात मी स्वतः अडकलो आहे. बॅकअपची डिस्क सैल तारेमुळे जोडलीच गेली नव्हती, तरी पत्रात एक व्यवस्थित आकडा आला. असे कसे? डिस्क जोडलेली नसली, तरी तिच्यासाठी केलेला रिकामा फोल्डर सर्व्हरच्या मूळ डिस्कवर असतोच. डीएफला त्या फोल्डरविषयी विचारले, की तो ज्या डिस्कवर आहे तिचा हिशेब ती मुकाट्याने देते. विचारले एका घराचे आणि सांगितले शेजारच्याचे! तेव्हापासून मी रोजकीर्दीच्या ओळीत डिस्कचे नावही लिहितो आणि ते कालच्यापेक्षा वेगळे निघाले तर पत्राच्या पहिल्याच ओळीत तसे यावे अशी सोय ठेवतो.

बेचाळीसचा दिवस

आता प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. आपला २०० गिगाबाइटचा सर्व्हर, १००० गिगाबाइट वापरण्याजोगी जागा असलेली बॅकअपची डिस्क, आणि एका मंगळवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत वापरलेल्या जागेची आठ वाचने: ४००, ४०२, ४०५, ४०७, ४४९, ४५१, ४५१, ४५३. लगतच्या आकड्यांतले फरक काढा. २, ३, २, ४२, २, ०, २. शून्याचा दिवस म्हणजे सोमवारचे वाचन. रविवारी कार्यालय बंद, त्यामुळे बदल नाही.

मोकळी जागा उरली ५४७. ती किती दिवस पुरेल? सात फरकांची बेरीज ५३, सरासरी साधारण ७.६. त्याने ५४७ ला भागले तर ७२ दिवस. म्हणजे अडीच महिन्यांत नवी डिस्क घ्यावी लागणार! पण त्याच सात फरकांचा मध्यक काढा. चढत्या क्रमाने ०, २, २, २, २, ३, ४२. मधला आकडा २. त्याने भागले तर २७३ दिवस, म्हणजे नऊ महिने. आकडे तेच, आणि उत्तरे एकमेकांपासून इतकी दूर.

बरोबर कोणते? त्या शुक्रवारी कुणीतरी स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि चित्रफिती सर्व्हरवर चढवल्या होत्या असे समजा. हे रोज घडणारे नाही. त्यामुळे आठवड्याची सरासरी उगाच भीती दाखवते. पण मध्यकालाही मी डोळे झाकून मान देणार नाही. दर महिन्याला एखादे संमेलन, क्रीडास्पर्धा किंवा शिबिर होत असेल, तर मध्यकाला ते कधीच दिसणार नाही आणि डिस्क मात्र भरत जाईल. माझ्या मते पत्रात दोन्ही असावेत: गेल्या सात दिवसांचा मध्यक आणि गेल्या नव्वद दिवसांची सरासरी. दोन्ही जवळजवळ असतील तर चहा प्यावा. दूर असतील तर कुठला तरी बेचाळीसचा दिवस शोधावा.

आणि खरे सांगायचे तर २७३ दिवसांचा अंदाजही टिकणारा नाही. समजा हा दुसरा मंगळवार म्हणजे बॅकअप सुरू झाल्यापासूनचा ११७वा दिवस. आपण प्रती वर्षभरच ठेवणार आहोत. म्हणजे आणखी २४८ दिवसांनी वर्ष पुरे होईल आणि रोज एक नवी प्रत येईल तशी एक जुनी काढली जाऊ लागेल. तिथून आलेखाची रेषा वळते. आतापर्यंत नुसती जमा होती, आता नावेही सुरू होते.

पण जुनी प्रत काढली म्हणजे जागा किती सुटते? इथे पुन्हा ग्रंथालयाची कार्डे आठवा. गुणांची फाईल रोज बदलत असेल, तर वर्षापूर्वीचे तिचे जुने रूप फक्त त्या एका प्रतीत शिल्लक असते. त्याचे शेवटचे कार्ड गेले, फळी मोकळी झाली. संमेलनाच्या चित्रफितींचे तसे नाही. त्या सर्व्हरवर अजून आहेत, म्हणून नंतरच्या प्रत्येक प्रतीत त्यांचे कार्ड आहे. जुनी प्रत काढून एक कार्ड कमी झाले तरी पुस्तक जागचे हलत नाही. याचीच दुसरी बाजू अशी, की सर्व्हरवरून त्या चित्रफिती आज पुसल्या तर बॅकअपच्या डिस्कवरची जागा आज सुटत नाही. त्यांचे शेवटचे कार्ड काढले जाईल तेव्हा, म्हणजे वर्षभराने सुटते. डिस्क भरत आली म्हणून घाईघाईने सर्व्हरवरच्या फाईली पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बॅकअपच्या आकड्यावर त्या दिवशी काहीच परिणाम होत नाही आणि ते बुचकळ्यात पडतात.

याच कारणासाठी पत्रात ‘काल अधिक दोन’ एवढेच न लिहिता जमा आणि नावे वेगवेगळे लिहिणे बरे. जुनी प्रत काढण्यापूर्वी एक वाचन, काढल्यावर दुसरे, नवी प्रत घेतल्यावर तिसरे. निव्वळ वाढ शून्य दिसली, तरी ती शून्यातून शून्य गेल्यामुळे आहे की पन्नासातून पन्नास गेल्यामुळे, हे त्यावरून कळते.

ताप मोजणारा तक्ता

रोजकीर्द नियमित झाली, की जागेचा प्रश्न मागे पडतो आणि तिचा वेगळाच उपयोग दिसू लागतो. आजाऱ्याच्या खाटेला तापाचा तक्ता लावतात, तसा हा सर्व्हरच्या प्रकृतीचा तक्ता होतो.

रोजची दोनची वाढ एखाद्या रात्री चाळीस झाली, तर कधी कारण अगदी साधे असते. कुणीतरी एका मोठ्या फोल्डरचे नाव बदलले. मजकूर तोच, पण जागा आणि नाव नवे, त्यामुळे आरसिंकच्या दृष्टीने त्या सगळ्या नव्या फाईली. त्याने त्या पुन्हा आणल्या. पण वाढ दोनावरून एकदम दोनशेच्या घरात गेली तर? याचा अर्थ सर्व्हरवरची जवळजवळ प्रत्येक फाईल एका दिवसात बदलली. माणसांच्या हातून असे होत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे संगणक पकडले आणि ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांची कामे ठप्प झाली. असे प्रोग्राम फाईली एकामागून एक कुलूपबंद भाषेत लिहीत सुटतात. बॅकअपच्या नजरेला ती प्रत्येक फाईल बदललेली दिसते आणि रोजकीर्दीत उंच सुळका उभा राहतो. अशा सकाळी आधी जुन्या प्रती काढण्याचे काम थांबवायचे आणि मग बाकीचे पाहायचे.

सुळक्यापेक्षा मला सपाट रेषेची जास्त भीती वाटते. सलग आठ दिवस वाढ शून्य. डिस्क भरत नाही, कुणाची तक्रार नाही, सगळे छान. पण कामाचे दिवस असून काहीच कसे बदलले नाही? कदाचित सर्व्हरची माहिती दुसऱ्या जागी हलवली आणि बॅकअप अजून जुन्या, ओसाड फोल्डरची प्रत काढतो आहे. मग रोज एक रिकामी प्रत येत राहते आणि रोज एक चांगली जुनी प्रत निघून जाते. म्हणून जागेच्या आकड्याजवळ फाईलींची संख्याही लिहावी.

न आलेले पत्र

अडचण आली तरच पत्र पाठवायचे, नाहीतर गप्प बसायचे, अशी व्यवस्था बरेच जण करतात. रोज कशाला त्रास, असा विचार त्यामागे असतो. त्याचे काय होऊ शकते हे ३१ जानेवारी २०१७ रोजी जगाने पाहिले.

गिटलॅब ही कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम आपल्या सर्व्हरवर सांभाळते. तिच्या एका अभियंत्याने त्या रात्री दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायची म्हणून आज्ञा दिली. ती प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरवर गेली. त्याच्या लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरली होती. हरकत नाही, रोजचा बॅकअप आहे. पण तो जिथे ठेवला जाई ती जागा रिकामी निघाली. प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती होती ९.२ आणि माहितीकोशाची ९.६, त्यामुळे तो प्रोग्राम रोज सुरू होऊन रोज अपयशी होत होता. अपयशाची पत्रे क्रॉन पाठवतही होता. मात्र पाठवणारा खरा की तोतया हे ठरवणाऱ्या तपासणीत ती पत्रे नापास होत आणि वाटेतच नाकारली जात. कंपनीच्या लोकांना पत्र येत नव्हते, म्हणून सारे ठीक आहे असा त्यांचा समज होता. एका अभियंत्याने चाचणीसाठी सहा तास आधी योगायोगाने एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर त्यांची गाडी पुन्हा रुळावर आली. तरी मधल्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नवे सदस्य एवढ्यांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे स्वतःहून तपशीलवार प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला ते कळले. त्यासाठी त्यांचे आभारच मानायला हवेत.

शिक्षकांना यातली खोच लगेच कळेल. गैरहजर मुलगा ‘मी आज आलो नाही’ असे सांगायला वर्गात येत नसतो. आपण रोज सगळ्यांची नावे पुकारतो, म्हणून त्याची गैरहजेरी कळते. तसेच पत्र रोज यायला हवे, सगळे ठीक असले तरी. आणि दुसऱ्या एखाद्या संगणकाने सकाळी आठ वाजता रोजकीर्दीची शेवटची ओळ पाहावी. तिच्यावर आजची तारीख नसेल तर त्याने बोंब मारावी. हजेरी घेणारा आणि हजेरी देणारा एकच संगणक असून चालत नाही.

स्क्रिप्टविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. अहवालाच्या स्क्रिप्टने फक्त वाचावे, काही पुसू नये. जुन्या प्रती काढण्याचे काम सोयीसाठी तिच्यातच घुसवण्याचा मोह होतो. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या महासंगणकावर काय झाले ते पाहा. जुन्या नोंदी पुसणारी एक स्क्रिप्ट चालू असतानाच पुरवठादार कंपनीने तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवली. आज्ञा वाचणारा ‘बॅश’ हा प्रोग्राम सगळी स्क्रिप्ट आधी वाचून घेत नाही. चालता चालता पुढचा भाग वाचतो. त्यामुळे अर्धी जुनी आणि पुढची नवी अशी विचित्र संहिता चालली. काय पुसायचे हे ज्या चलात असायला हवे होते ते चल रिकामे होते, आणि जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या फाईली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाईली, १४ संशोधक गट. त्यातल्या चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. न ठरवलेले चल वापरले तर तिथेच थांब, अशी सूचना बॅशला स्क्रिप्टच्या सुरुवातीला देता येते. ती एक ओळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असावी.

वर्गासाठी यातले पुष्कळ काही घेता येईल. शाळेत सर्व्हर नसला तरी चालेल. संगणक कक्षातल्या एखाद्या यंत्राची, किंवा कुणाच्या घरच्या मोबाइलची, वापरलेली जागा महिनाभर रोज ठरावीक वेळी मुलांना लिहायला सांगा. वाचनांचा एक आलेख आणि फरकांचा दुसरा. पहिला आलेख बहुधा साळसूद चढत जाईल. गोष्टी असतात त्या दुसऱ्यात. कोणता सुळका कोणत्या दिवशीचा आणि त्या दिवशी काय झाले होते, हे मुले बरोबर सांगतात. मग मध्य आणि मध्यक दोन्ही काढून, जागा कधी संपेल याची भाकिते फळ्यावर लिहून ठेवावीत आणि पुढच्या महिन्यात पडताळून पाहावीत.

आमच्या महाविद्यालयात २०२० च्या जानेवारीपासून ही रोजकीर्द सुरू झाली. सकाळचे पत्र मला आणि कार्यालयातल्या भाऊसाहेबांना येई. भाऊसाहेबांना स्क्रिप्ट, क्रॉन यांतले काही माहीत नव्हते. ते फक्त ‘उरलेले दिवस’ हा आकडा टेबलावरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला.

“सर, आजचा चौकोन रिकामा आहे. पत्र आलं नाही.”

मी अजून माझी पत्रे उघडलीही नव्हती. जाऊन पाहिले तर रात्री वीज गेली होती, यूपीएसची बॅटरी संपली होती आणि सर्व्हर बंद पडला होता. वीज आल्यावर तो सुरू केला, राहिलेला बॅकअप हाताने घेतला. अकराच्या सुमारास पत्र आले आणि भाऊसाहेबांनी चौकोनात आकडा लिहिला, ४१२.